मामाना टेम्पो, भाग दोन

मला नाशकात ठेवून घेतलं ते खैरनार अण्णांनी. हे आधीच लिहून टाकते, कारण मी सांगायला बसले की मधेच भलतीकडे जाते आणि ज्याचं नाव घ्यायचं तोच माणूस राहून जातो. माझं शिक्षण नववीपर्यंत. दहावीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि तिकडे जाणारी एसटी बंद झाली, एवढीच माझ्या शिक्षणाची हकिकत. तेव्हा लिहिण्यात मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

अण्णांचं सिडकोत, भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, फोटो फ्रेमचं दुकान आहे. देवांचे फोटो, लग्नातले फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. पण ही झाली पोटापाण्याची बाजू. अण्णा स्वतःला फिल्मवाले समजतात. सीडीचा जमाना होता तेव्हा त्यांनी अहिराणीत तीन पिक्चर काढले. ‘मामाना टेम्पो भाग २’ (म्हणजे मामाचा टेम्पो), ‘उपवर भूत भाग २’ आणि ‘पाटील परत आला भाग २’. एकही पिक्चर कधी थेटरात लागला नाही. सगळे सरळ सीडीवर आले आणि यात्रेत, आठवडे बाजारात, पाटीवरच्या ढिगातून विकले गेले.

आणि यातल्या एकाचाही भाग एक नाही.

हरवला म्हणून नाही, खराब झाला म्हणून नाही. काढलाच नाही.

मला हे कळलं तेव्हा मी विचारलं, “म्हणजे पहिला भाग दुसऱ्या कुणी काढला होता का?”

अण्णा फ्रेमच्या मागं चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकत होते. तोंडातल्या चुका हातात घेऊन म्हणाले, “कुणी कशाला काढील? पहिला भाग घेतं कोण? वणीच्या यात्रेत सीड्यांचा ढीग पडलेला असतो. गिऱ्हाईक हात घालतं. नवा पिक्चर दिसला की म्हणतं, असेल फालतू. भाग दोन दिसला की दचकतं. म्हणतं, पहिला एवढा चालला की यांनी दुसरा काढला आणि आपल्याला पत्ताच नाही. लाजेनं घेतं. चारचौघांत विचारतही नाही.”

अण्णांच्या जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत. एक सीडीची आणि दुसरी थेटरची. चांगला, कोरडा, लालभडक कांदा मिळाला की तो हातात तोलून म्हणतात, “हा थेटरचा.” माझ्या हातचा भात चिकट झाला की “हा सीडीचा.” समोरच्या डॉक्टरीणबाईंचा मुलगा नोकरीला लागला तेव्हा पेढा खाऊन म्हणाले, “पोरगा थेटरचा, पेढा सीडीचा.” डॉक्टरीणबाईंना काही समजलं नाही, त्यांनी आणखी एक पेढा दिला.

पण खरी गंमत अशी की सीडीवर आलेले पिक्चर त्यांच्या मते सीडीचे नव्हतेच. ते सगळे थेटरचे होते, त्यांच्यावर अन्याय झाला. आणि हा अन्याय फक्त स्वतःच्या पिक्चरपुरता नाही. धुळ्याकडचे, जळगावकडचे, मालेगावकडचे, कुणी कुणी हौसेनं काढलेले दुसरे, तिसरे, एक तर सातवा भाग अण्णांनी जमवून ठेवलेत. एका भुताच्या पिक्चरचा तिसरा भाग लावला की ते उभे राहतात. “बघ, भूत विहिरीतून वर येतंय. आता मागून मोटारीचा आवाज ऐक. शेतकऱ्यानं पाणी सुरू केलं. डायरेक्टर थांबला का? नाही. भूत दचकलं आणि तसंच वर आलं. भूत घाबरलेलं तू कुठं पाहिलं? मोठ्या पिक्चरमध्ये भूत कधी घाबरतं का? हे थेटरचं काम आहे, माय. हे सीडीवर टाकलं लोकांनी.”

मोठ्या पिक्चरचे पहिले भाग ते बघत नाहीत. कुणी सांगायला लागलं की म्हणतात, “पुढचं बोला.”

हे ‘पुढचं बोला’ त्यांच्या तोंडात कायम. गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं, वडील गेलेले असतात, आणि माणूस सांगायला लागतो की असं असं झालं, दवाखान्यात नेलं, उशीर झाला. अण्णा काचेवर फडका फिरवत म्हणतात, “पुढचं बोला.” मला आधी वाटायचं, काय हा उद्धटपणा. मग लक्षात आलं, ते फ्रेमचं माप विचारत नसतात. थोडं थांबून ते विचारतात, आता आई कुणाकडं आहे? शेत कोण बघतं? धाकटा शाळेत जातो ना? माणूस सांगत बसतो आणि जाताना त्याचा आवाज जरा सरळ झालेला असतो.

दुकानाच्या भिंतीवर देव आणि गेलेली माणसं यांच्या मधोमध ‘मामाना टेम्पो’चं कव्हर फ्रेम करून टांगलंय. त्यावर हिरो बापू, गळ्यात झेंडूचा हार, कारण शेवटी मामाचा सत्कार होतो. एकदा एक बाई त्या फोटोला हात जोडून म्हणाल्या, “हे कधी गेले हो?”

बापू तिथंच स्टुलावर बसून चहा पीत होते. म्हणाले, “अजून जायचंय. दोन दिवस तिकडं पाहुणे आहेत.”

हे बापू म्हणजे बापू खैरनार. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटदाराकडं कामाला होते, आता घरी असतात. आडनाव एकच, म्हणून मी धरून चालले की दोघं चुलतभाऊ असतील. भांडायचे तर सख्ख्यासारखे. बापू येताना दोन बस बदलून येणार आणि आल्या आल्या म्हणणार, “या माणसानं माझं आयुष्य सीडीत घातलं.” अण्णा म्हणणार, “तुझं तोंडच सीडीच्या मापाचं.” मग दोघं चहा पिणार.

पिक्चर कसे काढले ते ऐकण्यासारखं आहे. टेम्पो अण्णांच्या ओळखीतल्या एका भाजीवाल्याचा. पहाटे तो मार्केट यार्डात माल टाकायचा आणि संध्याकाळी पुन्हा भरायचा. मधे जेवढा वेळ मोकळा तेवढंच शूटिंग. त्यामुळे त्या पिक्चरमध्ये जे काय होतं ते दुपारीच होतं. चोरी दुपारी, भुताचा भास दुपारी, मामीचं रुसणंही दुपारीच. रात्र दाखवायची झाली की कॅमेऱ्यासमोर निळा जिलेटिन कागद धरायचा. चंद्र म्हणून जो दिसतो तो सूर्य आहे. भाचीचं लग्न दाखवायला एका खऱ्या लग्नातच घुसले होते. त्यात मागं जो रागावलेला नवरदेव दिसतो, तो खरा नवरदेव. त्याच्या अक्षता थांबवून यांनी शॉट घेतला होता.

आणि पिक्चरच्या सुरुवातीलाच एक म्हातारी मामाला म्हणते, “तू त्या दिन जे करं, ते गाव इसरनार नही.” म्हणजे, तू त्या दिवशी जे केलंस ते गाव विसरणार नाही. त्या दिवशी मामानं काय केलं? ते भाग एकमध्ये. आणि भाग एक नाही.

तर लोक विचारायला यायचे. अजूनही एखादा येतो. आणि अण्णा त्याला तोंडानं पहिला भाग सांगतात. दरवेळी वेगळा. फुलं पिकवणाऱ्या माळ्याच्या बाईला सांगतील की मामानं सणाच्या आदल्या दिवशी अख्ख्या गावाची शेवंती बंद रस्त्यातून बाजारात पोचवली. दारुड्याच्या बायकोला सांगतील की मामानं टेम्पो मागं घेता घेता दारूचा अड्डाच पाडला आणि म्हणाला, ब्रेक लागला नाही. ऐकणारा निघून गेला की मी म्हणायचे, “अण्णा, परवा तर वेगळंच सांगितलं होतं.” ते म्हणायचे, “परवाचं माणूस वेगळं होतं.”

आता माझं सांगते.

मी हिंगोलीकडची. गावातल्या एका वहिनीच्या ओळखीनं अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला आले. पेठकडच्या दोन मुली आणि मी अशी खोली केली. मी स्वभावानंच घाबरट. कुलूप लावून जिना उतरायचे आणि लावलं का नाही म्हणून परत वर जायचे. रस्ता ओलांडायला माणूस शोधायचे. शिवाय जिथं जाईन तिथं तेच प्रश्न. कुठली? कुणाची? एकटीच का आली? लग्न झालं का? दहावी का नाही केली? सांगून सांगून मला माझीच लाज वाटायला लागली. त्यात कंपनीनं कंत्राटाची माणसं कमी केली आणि माझं काम गेलं. घरी काय तोंड दाखवायचं ते कळेना, पण जायचं ठरवलं. पिशवी भरली. बस कुठून मिळते हे विचारायला जे पहिलं दुकान दिसलं ते अण्णांचं.

“हिंगोलीची गाडी कुठं लागते?”

अण्णांनी मान वर करून बघितलं. कुठली, कुणाची, काही नाही. म्हणाले, “संध्याकाळी आहे. तोवर उन्हात कशाला उभी राहते, माय? टेम्पो बघ.”

मला वाटलं, टेम्पोनं जायचं सांगतायत. मी म्हटलं, “नको, टेम्पोनं भीती वाटते.” त्यांनी टीव्ही लावला.

पिशवी मांडीवर घेऊन मी अख्खा पिक्चर बघितला. अहिराणी निम्मी कळली, पण हसायला आलं. काम गेल्याचं पत्र मिळाल्यापासून मी हसले नव्हते. संपल्यावर सहज विचारलं, “मामानं त्या दिवशी काय केलं होतं?”

अण्णांनी हातातली काच खाली ठेवली आणि सांगायला लागले. मामा तरणा असतो. गाडी शिकायला शहरात येतो. शहराची एवढी भीती की रोज संध्याकाळी पिशवी घेऊन स्टँडवर जातो, गावाला परत जायचं म्हणून. पण रोज कुणीतरी त्याला अडवतं. कुणाचं बोचकं चढवायचं असतं, कुणाच्या आजीला जागा धरून द्यायची असते. तेवढ्यात त्याची गाडी सुटते. तो म्हणतो, जाऊ दे, उद्या जाऊ. असं सांगत सांगत ते एका म्हशीपर्यंत आले आणि गिऱ्हाईक आलं. अण्णा उठले. “राहिलेलं उद्या. ही काच जरा धर.”

माझी गाडी गेली. दुसऱ्या दिवशी म्हैस टेम्पोत चढली आणि मी काच धरली. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात ब्रश आणि गोंद दिला. म्हैस सटाण्याला पोचेपर्यंत मला पुठ्ठा कापायला येत होता. ते मला हाक मारायला लागले होते, “ए हिंगोली, गोंद आण.” मामानं त्या दिवशी नक्की काय केलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दुकानात कामाला मात्र मी राहिले ती राहिलेच.

म्हणून मी म्हणते, ठेवून घेतलं.

अण्णांची एक जखम होती. ती मला बापूंकडून कळली, अण्णा गोंद आणायला गेले असताना.

“पिक्चर सीडीवर चालला तेव्हा आम्ही दोघं इस्त्रीचे कपडे घालून एका थेटरवाल्याकडं गेलो,” बापू म्हणाले. “त्यानं थोडा बघितला. पोट धरून हसला. म्हणाला, लावतो. पण आधी पहिला आणा. भाग दोन एकदम लावला तर लोक खुर्च्या फाडतील. आता या माणसानं अख्ख्या जिल्ह्याला थाप मारलेली. पण तिथं याच्या तोंडून निघेना की पहिला नाहीच. म्हणाला, आणतो.”

“मग काढायचा ना पहिला.”

“काढणारच होतो. पण तोवर टेम्पोचा फाळका तोंडावर पडून माझे पुढचे दोन दात गेले.” बापूंनी हसून ती जागा दाखवली. “दुसऱ्या भागात मामाला सगळे दात आणि पहिल्या भागात दोन कमी? मधल्या काळात उगवले म्हणायचं का? भाचीचं काम करणारी पोरगी तर दोन लेकरांची आई झाली होती. मग मोबाईल आले. उरलेल्या सीड्या पिंपळगावकडं द्राक्षाच्या बागांत टांगल्या लोकांनी, चमकून पाखरं उडावीत म्हणून.”

अण्णा गोंद घेऊन आले ते ऐकतच आले. म्हणाले, “पाखरं तरी घाबरली ना? थेटरचं काम होतं.”

दोघं हसले, पण त्या दिवशी अण्णांनी एक फ्रेम उलटी ठोकली.

मागच्या वर्षी बापूंना दिसायचं कमी झालं. साखरेचा त्रास होताच, तो डोळ्यांत उतरला. इंजेक्शनं घेतली. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करू, पण कमीच होत जाणार. बापू दुकानात आले ते नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोपुढं नाक लावून उभे राहिले. म्हणाले, “हार दिसतो. तोंड नाही दिसत.”

अण्णांनी त्यांच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

बापू स्टुलावर बसले. “तीन पिक्चरचा हिरो मी. स्वतःला टीव्हीपेक्षा मोठं कधी बघितलं नाही. आता टीव्हीतलं दिसत नाही. एकदा मोठ्या पडद्यावर बघायचं होतं, अण्णा. मोठं असेल तर दिसेल. पुढच्या वर्षी तेही दिसणार नाही.” मग स्वतःच घाईनं म्हणाले, “जाऊ दे. चहा सांग.”

ते गेल्यावर मी म्हटलं, “अण्णा, नाशिकरोडकडं ते जुनं थेटर आहे. सकाळी रिकामंच असतं. विचारू या.”

“नको.”

“का नको?”

“परत विचारतील, पहिला भाग कुठाय.” एवढा बोलका माणूस, पण हे म्हणताना काचेवरचा एकच डाग पुसत बसला होता.

म्हणून मी गेले. रिक्षातून उतरले तेव्हा घाबरून पिक्चर भरलेल्या पेनड्राइव्हची पिशवी इतकी घट्ट धरली होती की बोटांना वळ उठले. मॅनेजर साहेब त्यांच्या केबिनमध्ये डबा उघडत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. बापूंचे डोळे, पिक्चर, सकाळची वेळ. त्यांनी पिशवीतलं सीडीचं कव्हर चष्मा वर करून बघितलं.

“ताई, हा भाग दोन आहे. पहिला कुठाय?”

अण्णा ज्याला भीत होते तोच प्रश्न. आणि मग, कसं काय ते मला अजून माहीत नाही, मी म्हटलं, “सांगते ना साहेब. मामा तरणा असतो. गाडी शिकायला शहरात येतो.”

मी सांगत गेले. स्टँड, पिशवी, कुणाची आजी, सुटलेली गाडी. साहेबांचा डबा उघडाच राहिला. झाडूवाल्या मावशी दाराशी येऊन थांबल्या. मशीन चालवणारा पोरगा आत आला. मी म्हैस आणली. म्हैस आजारी, टेम्पोत चढेना, मामाला सोडेना. शेवटी मामाच मागं हौद्यात चढला, म्हशीची मान मांडीवर घेऊन बसला आणि टेम्पो निघाला सटाण्याला.

साहेब म्हणाले, “थांबा. मामा मागं बसला, तर टेम्पो कोण चालवतंय?”

मला ते माहीत नव्हतं. अण्णांनी ते कधी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, “ते दुसऱ्या भागात कळतं.”

साहेबांनी मावशींकडं बघितलं. मावशी म्हणाल्या, “बघू द्या की साहेब. म्हैस पोचली का नाही ते तरी कळू द्या.”

“मंगळवारी सकाळी या,” साहेब म्हणाले. “बाराच्या आत हॉल मोकळा पाहिजे. शिट्ट्या मारा, गुलाल नको.”

मंगळवारी सिडकोतली आमची गल्ली आली, एकलहऱ्याच्या वसाहतीतली माणसं आली, डॉक्टरीणबाई आल्या. तो रागावलेला नवरदेवही आला, बायकोला घेऊन. अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले, जणू कुणी बाहेर काढेल. बापू पहिल्या रांगेत, मधोमध. त्यांना जवळूनच काय ते दिसतं.

अंधार झाला. पडदा उजळला. आणि सगळ्यांच्या तोंडून “हे काय” असं निघालं. जुन्या सीडीचं चित्र ते, टीव्हीच्या मापाचं. एवढ्या मोठ्या पडद्यावर ताणल्यावर त्याचे नुसते चौकोन झाले. विटा रचल्यासारखे रंगीत चौकोन. टेम्पो कुठला, झाड कुठलं, कळेना. मशीनवाला पोरगा वरून ओरडला, “मागं बसा, मागून दिसतं.” खरंच होतं ते. लांबून बघितलं की चौकोन एकमेकांत मिसळत होते. सगळी माणसं उठून शेवटच्या रांगांकडं गेली.

मी पाण्याची बाटली घेऊन बापूंना मागं न्यायला निघाले. पण मागं जाऊन त्यांना काय दिसणार होतं? तेवढ्यात अण्णा भिंत सोडून, गर्दीच्या उलट्या दिशेनं, पुढं आले आणि बापूंशेजारी बसले. मी दुसऱ्या रांगेत त्यांच्या मागंच बसून राहिले.

बापू म्हणाले, “मला नुसते चौकोन दिसतात रे. सगळ्यांना असंच दिसतं का मलाच?”

“सगळ्यांना.”

“खोटं नको बोलू.”

“आईशप्पथ. म्हणून तर पळाले मागं.”

“तुला काय दिसतं?”

“चौकोन,” अण्णा म्हणाले. “हिरवा मोठा चौकोन आहे तो टेम्पो. त्याच्यातून खाली उतरतोय तो तू.”

मामा टेम्पोतून उतरला. त्याबरोबर गावातली पोरं, बायका, म्हातारे सगळीकडून धावत आले आणि ओरडायला लागले, “मामा उना, मामा उना.” मामा आला, मामा आला. मग मामाचं तोंड जवळून दाखवलं, सगळा पडदा भरून. बापू पुढं सरकले. खुर्चीच्या काठावर आले. किती वेळ मान हलवून हलवून बघत होते.

“नाक माझंच आहे,” ते म्हणाले. “अण्णा, केवढं मोठं नाक आहे रे माझं. कधी सांगितलं नाहीस.”

“तुझ्या नाकासाठीच थेटर लागणार होतं.”

बापू हसले ते मोठ्यानं. मागच्या रांगांतूनही हशा आला, तो पडद्यावरच्या मामाला. पुढं सगळा पिक्चर बापू मामाचं प्रत्येक वाक्य मामाच्या आधी बोलत राहिले. अण्णा पडद्याकडं फार वेळ बघत नव्हते. ते बापूंच्या तोंडाकडं बघत होते.

बाराच्या आत हॉल मोकळा केला. अण्णा साहेबांना नमस्कार करायला केबिनमध्ये गेले. तिथून आवाज येत होता, साहेब विचारत होते, टेम्पो कोण चालवत होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही बुवा. मी आणि बापू बाहेर पायरीवर बसलो.

मी सहज विचारलं, “बापू, अण्णा तुमचे सख्खे चुलत का लांबचे?”

“कुणीच नाही,” बापू म्हणाले. “माझ्या वडलांची स्टँडजवळ चहाची गाडी होती. तिथं आला हा. लहान होता. कुठून आला, कुणाचा, काही सांगेना. लोक विचारायला लागले की खाली बघायचा. वडील त्याला घरी घेऊन आले. आई म्हणाली, आधी जेवू द्या, मग विचारा. जेवला. मग कुणी विचारलंच नाही. शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव मागितलं, वडलांनी आमचं दिलं.”

“तुम्ही पण कधी नाही विचारलं?”

“घरचं नाही विचारलं. एकदा पिक्चरचं विचारलं होतं. म्हटलं, ते गिऱ्हाइकाला फसवायचं राहू दे, खरं सांग, पहिला भाग का नाही काढत? तर म्हणाला, पहिल्या भागात माणूस आला की त्याला सगळं सांगावं लागतं. दुसऱ्या भागात नुसता गाडीतून उतरला तरी सगळे ओळखतात.”

बापू पायरीवर हात फिरवत बसले. आतून अण्णांचा आवाज आला, ते साहेबांना टेम्पो कोण चालवत होतं ते सांगायला लागले होते. ते मी ऐकायला गेले नाही.

त्या आठवड्यात आईचा फोन आला. तिनं विचारलं, ज्यांच्याकडं काम करतेस ते तुझे कोण लागतात? मी आजवर मालक म्हणून सांगत आले होते. ते तोंडून निघेना. म्हटलं, येऊन सांगते.

आमचं गाव फाट्यापासून आत आहे. नवा माणूस उतरला की पाराजवळची माणसं त्याला थांबवतात, कुणाकडं आलात, कोण पाहुणे. मी भावाला सांगून ठेवणार आहे. ज्या दिवशी अण्णांना घेऊन येईन त्या दिवशी पोरंटोरं, आई, चुलत्या, शेजारचे, जेवढे जमतील तेवढे फाट्यावर उभे करायचे. अण्णांचा फोटो सगळ्यांना आधी दाखवून ठेवायचा. एसटीचं दार उघडून ते खाली उतरले की कुणी काही विचारायचं नाही. सगळ्यांनी फक्त मोठ्यानं ओरडायचं, अण्णा आले, अण्णा आले. कधी जमेल ते आज सांगता येत नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाचीही मला भीती वाटते. पण हे मी करणार आहे.